उतारवयातील एक अबोल दुखणे

दुखण्यांमध्येही बोलकी आणि अबोल असे दोन प्रकार असतात. गुडघा दुखू लागला तर मनुष्य चारचौघांत सांगतो. दृष्टी मंदावली तर नवा चष्मा घेऊन तो मित्रांना दाखवितो. रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी तर सकाळी फिरावयास जाणारी समवयस्क मंडळी तासतासभर चर्चा करतात. परंतु एक दुखणे असे आहे की, ते उतारवयात बहुतेक पुरुषांच्या वाट्यास कमीअधिक प्रमाणात येते आणि तरीही त्याविषयी कोणी कोणाजवळ अवाक्षर काढीत नाही. ते दुखणे म्हणजे अष्ठीला ग्रंथीची वाढ. व्यवहारात या ग्रंथीला सर्वजण प्रोस्टेट याच नावाने ओळखतात. दुखणे तसे साधे, बहुधा आटोक्यात येण्याजोगे. परंतु संकोचामुळे ते लपविले जाते आणि लपविल्यामुळेच पुष्कळदा अवघड होऊन बसते.

बेळगावातील एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या अण्णांचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. हे अण्णा म्हणजे कोणी एक विशिष्ट गृहस्थ नव्हेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद किंवा मडगाव येथील कोणत्याही मराठी घरात असे अण्णा आढळतील. वय ६८, प्रकृती एरवी ठणठणीत, नोकरीतून सन्मानाने निवृत्त झालेले. साठीनंतर त्यांना रात्री एकदा लघवीस उठावे लागू लागले. पुढे दोनदा, मग चारदा. धार पूर्वीसारखी जोरकस राहिली नाही. मोरीत उभे राहिल्यावर ती सुरू होण्यासच वेळ लागे, आणि परत अंथरुणावर येऊन पडावे तो पुन्हा जावेसे वाटे. हळूहळू अण्णांच्या साऱ्या दिनक्रमाला या एका गोष्टीने वेढले. कीर्तन असो, मिस्सा असो, नाटक असो, वा लग्नकार्य असो, ते शेवटच्या रांगेत, दाराजवळची जागा धरून बसू लागले. एस. टी.चा लांबचा प्रवास त्यांनी टाळला. संध्याकाळनंतर पाणी पिणे तर त्यांनी जवळजवळ सोडूनच दिले. रात्री कडीचा आवाज झाला की काकूही जाग्या होत. त्यांनी एकदा भीतभीत विचारले, "अहो, डॉक्टरांना दाखवायचं का एकदा?" त्यावर अण्णांचे उत्तर ठरलेले, "अगं, वय झालं आता. चालायचंच हे."

हे "चालायचंच" हाच या दुखण्याचा खरा मित्र होय. वयाबरोबर ही ग्रंथी वाढते, हे खरे. परंतु तिच्यामुळे होणारा त्रास निमूटपणे सोसलाच पाहिजे, हे मात्र खरे नाही.

प्रथम ही ग्रंथी कोठे असते, ते पाहू. पोटाच्या अगदी खालच्या भागात मूत्राशय, म्हणजे लघवी साठविणारी पिशवी असते. तिच्या तोंडाशी, बरोबर खालच्या बाजूस, अक्रोडाएवढी ही ग्रंथी असते. तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम भरते. तिच्या पाठीमागे गुदाशय असल्यामुळे डॉक्टर गुदद्वारातून बोटाने तिची परीक्षा करू शकतात. वीर्यातील काही द्रव निर्माण करणे हे तिचे कार्य. आता यातील अडचणीची गोष्ट अशी की, मूत्राशयातून निघणारी मूत्रनलिका या ग्रंथीच्या मधोमध जाते. रबरी नळीभोवती आवळलेली मूठ जशी असावी, तशी ही रचना आहे. ग्रंथी वाढू लागली की मूठ घट्ट होते आणि नळी चेपली जाते.

ही अडचण आपल्या पूर्वजांनाही अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत मूत्राशय आणि गुदाशय यांच्या मध्ये गोट्यासारखी कठीण गाठ होऊन मूत्र अडविणारा वाताष्ठीला नावाचा एक प्रकार वर्णिलेला आहे. अष्ठीला हे नाव मराठी वैद्यकीय परिभाषेत आले, ते याच जुन्या शब्दावरून.

ग्रंथी वाढते का, याचे उत्तर पुरुषी अंतःस्रावांत आहे. वृषणांत निर्माण होणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचे एका विकराच्या साहाय्याने अधिक प्रभावी अशा दुसऱ्या द्रव्यात रूपांतर होते आणि हे द्रव्य या ग्रंथीच्या पेशींना वाढावयास लावते. १९७४ साली डॉमिनिकन रिपब्लिक या देशातील काही कुटुंबांविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या कुटुंबांतील काही पुरुषांत हा विकर जन्मतःच उणा होता आणि त्यांची ही ग्रंथी मोठेपणीही अगदी लहान राहिली होती. या निरीक्षणातूनच पुढे ग्रंथी लहान करणाऱ्या औषधाचा मार्ग सापडला. पन्नाशी ते साठीच्या दरम्यान सुमारे निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसून येते आणि ऐंशीच्या पुढे तर बहुतेकांच्या. मात्र वाढ झालेल्या प्रत्येकास त्रास होतोच असे नाही. काहींची ग्रंथी बरीच मोठी असूनही त्रास नसतो; काहींची थोडीशीच वाढते, परंतु नेमकी नलिकेच्या तोंडाशी वाढल्यामुळे ती बेजार करते. यास्तव सोनोग्राफीच्या कागदावरील ग्रॅमचा आकडा पाहून घाबरू नये, आणि तो लहान आहे म्हणून त्रासाकडे दुर्लक्षही करू नये.

या विकाराच्या लक्षणांचे दोन गट पडतात. पहिला गट अडथळ्याचा. लघवी सुरू होण्यास विलंब लागणे, धार बारीक होणे, ती मध्येच थांबून पुन्हा सुरू होणे, कुंथावे लागणे, शेवटी थेंब थेंब गळत राहणे आणि पिशवी पुरती रिकामी झाली नाही असे वाटणे, ही त्यातील लक्षणे होत. दुसरा गट मूत्राशयाच्या चिडखोरपणाचा. वारंवार जावे लागणे, लागली की क्षणभरही दम न निघणे आणि रात्री पुनःपुन्हा उठणे, ही त्यातील लक्षणे. हा दुसरा गट कसा उद्भवतो, तेही समजून घेण्याजोगे आहे. अरुंद वाटेतून लघवी ढकलण्यासाठी मूत्राशयाच्या स्नायूला सतत जोर करावा लागतो. जोर करून करून तो जाड होतो, आणि मग थोडी लघवी साठली तरी आकुंचन पावू लागतो. बरीच वर्षे असेच चालले तर तो अखेरीस थकतो. मग पिशवीत लघवी शिल्लक राहू लागते. त्या साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे होतात आणि फारच दुर्लक्ष झाले तर उलटा दाब मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो.

त्रास किती आहे, हे मोजण्याची एक सोपी रीत डॉक्टर वापरतात. गेल्या महिन्याभरात लघवी अपुरी झाल्यासारखे किती वेळा वाटले, दोन तासांच्या आत पुन्हा किती वेळा जावे लागले, धार थांबून थांबून आली का, दम निघाला नाही असे किती वेळा झाले, धार क्षीण होती का, कुंथावे लागले का आणि रात्री किती वेळा उठावे लागले, असे हे सात प्रश्न आहेत. प्रत्येकास शून्य ते ५ असे गुण. एकूण ७ पर्यंत आले तर त्रास सौम्य, ८ ते १९ आले तर मध्यम आणि २० ते ३५ आले तर तीव्र समजावयाचा. यावरून रोगाचे निदान होत नाही, परंतु संकोची मनुष्यास तोंडाने सांगता येत नाही ते कागदावर लिहिता येते, हा त्याचा मोठाच उपयोग.

रात्री उठावे लागते, याचा अर्थ प्रोस्टेटच वाढली असा मात्र एकदम काढू नये. मधुमेहात लघवी जास्त होते. हृदय दुर्बळ असेल किंवा दिवसभर पायांवर सूज असेल, तर आडवे झाल्यावर ते पाणी रक्तात परत येते आणि रात्री लघवीवाटे बाहेर पडते. रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी संध्याकाळी घेतली, तरी हाच परिणाम होतो. झोपेत घोरताना श्वास अडण्याचा विकारही रात्रीची लघवी वाढवितो. म्हणूनच डॉक्टर लघवीची व रक्तातील साखरेची तपासणी करतात, मूत्रपिंडाचे कार्य पाहतात, सोनोग्राफीने लघवी झाल्यावर पिशवीत किती शिल्लक राहते ते मोजतात आणि एका यंत्रात लघवी करावयास सांगून धारेचा वेग नोंदतात. सेकंदाला १० मिलिलिटरहून कमी वेग असेल, तर अडथळ्याचा संशय बळावतो. रुग्णानेही तीन दिवस एक वही ठेवावी. किती वाजता किती प्यालो, किती वाजता किती लघवी झाली, हे मापाच्या भांड्याने मोजून लिहावे. अशी वही डॉक्टरांना अर्ध्या तासाच्या बोलण्याहून अधिक सांगून जाते.

त्रास सौम्य असेल तर पुष्कळदा औषधाचीही गरज नसते. सवयी बदलल्या तरी पुरते. अण्णांप्रमाणे दिवसभराचे पाणी तोडणे ही चूक होय, कारण त्यामुळे लघवी दाट होऊन जळजळ व जंतुसंसर्ग होतो आणि बद्धकोष्ठ वाढते. एकंदर पाणी नेहमीइतकेच, दीड ते दोन लिटरच्या सुमारास असावे. मात्र हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तर ती पाळावी. बहुतेक पाणी दुपारपर्यंत प्यावे आणि निजण्यापूर्वीच्या दोन तासांत हात आखडता घ्यावा. संध्याकाळचा चहा व कॉफी सोडावी. मद्य वर्ज्य करावे. लघवी झाल्यावर लगेच न निघता क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा. धार अगदीच मंद असेल तर बसून करावी. नंतर धोतरावर वा पायजम्यावर थेंब पडतात, ही अनेकांची लाजिरवाणी तक्रार असते. त्यासाठी वृषणांच्या मागील भागावर बोटांनी हलकेच दाबून पुढे सरकवावे, म्हणजे नलिकेत अडकलेले थेंब बाहेर येतात. पायांवर सूज असेल तर तिसऱ्या प्रहरी तासभर पाय उंच ठेवून पडावे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, रोज चालावे. वारंवार जावे लागणाऱ्याने मध्यला वेळ थोडाथोडा वाढवीत मूत्राशयाला वळण लावावे. परंतु पिशवी तुडुंब भरली असता तास न् तास अडवून धरणे मात्र घातक होय.

अण्णांच्या बाबतीत नेमके तेच घडले. डिसेंबरचे दिवस, बेळगावची थंडी. अण्णांना सर्दी झाली होती. त्यांनी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी फोंड्यास नातीचे बारसे होते आणि तेथे न जाणे शक्य नव्हते. चोर्ला घाटाच्या वळणांनी बस चालली. मध्ये बस थांबली, परंतु साऱ्या प्रवाशांदेखत उतरून जाण्याचा संकोच वाटून अण्णा बसून राहिले. फोंड्यास पोहोचल्यावर ते घाईने न्हाणीघरात गेले, आणि तेथे एक थेंबही उतरेना. बाहेर पाळण्याची गाणी चालू होती. आत अण्णांना घाम फुटला होता, ओटीपोट टणक झाले होते आणि वेदना क्षणोक्षणी वाढत होत्या. अखेर जावयाने त्यांना गाडीत घालून रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी मूत्रनलिकेतून रबरी नळी घालताच जवळजवळ लिटरभर लघवी निघाली आणि अण्णांच्या डोळ्यांत पाणी आले. ते वेदना थांबल्याचे होते, आणि थोडे पश्चात्तापाचेही होते.

असे एकाएकी का व्हावे? सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत दोन प्रकारची द्रव्ये असतात. नाक मोकळे करणारे द्रव्य मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळते आणि शिंका थांबविणारी काही जुनी द्रव्ये मूत्राशयाचा जोर कमी करतात. वाट आधीच अरुंद, त्यात दार आवळलेले आणि ढकलणारा हात लुळा, मग लघवी अडावी यात नवल ते काय! ज्याची प्रोस्टेट वाढली आहे त्याने सर्दीची वा अन्य कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये, हा धडा प्रत्येक घराने लक्षात ठेवावा. लघवी अशी पूर्ण अडली तर घरी शेक-शेगडी करीत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता औषधांविषयी. पहिल्या प्रकारची औषधे, म्हणजे टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन वगैरे, ग्रंथीतील व मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतात. त्यांचा गुण काही दिवसांतच दिसतो, परंतु ग्रंथी त्यांनी लहान होत नाही. त्यांनी रक्तदाब थोडा उतरून एकदम उठताना भोवळ येऊ शकते. म्हणून रात्री उठताना आधी अंथरुणावर क्षणभर बसावे, मग उभे राहावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर आपण ही गोळी घेतो, किंवा पूर्वी घेत होतो, हे नेत्रवैद्यास अवश्य सांगावे, कारण या औषधांनी डोळ्याची बाहुली शस्त्रक्रियेच्या वेळी नीट विस्फारत नाही. दुसऱ्या प्रकारची औषधे फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड ही होत. ती मघाशी सांगितलेल्या विकरास अडवून ग्रंथी हळूहळू लहान करतात. मोठ्या ग्रंथीसाठी ती उपयोगी पडतात, परंतु गुण येण्यास सहा महिने लागू शकतात. तेवढा धीर धरावा लागतो. काहींची कामेच्छा त्यांनी मंदावते. घरात गर्भवती स्त्री असेल तर तिने या गोळ्यांचा चुरा हाताळू नये. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, ३,००० हून अधिक पुरुषांवरील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात असे आढळले की, दोन्ही प्रकारची औषधे एकत्र घेतल्यास विकार बळावण्याचा धोका ६६ टक्क्यांनी घटतो. याउलट सॉ पाल्मेटो नावाच्या झाडाच्या फळांचा अर्क, जो जाहिरातींतून फार खपतो, तो २००६ व २०११ मधील नेटक्या चाचण्यांत निव्वळ नकली गोळीहून अधिक गुणकारी ठरला नाही.

औषधांनी भागले नाही, लघवी पुनःपुन्हा अडली, खडे झाले, वरचेवर रक्त येऊ लागले किंवा मूत्रपिंडांवर ताण आला, तर शस्त्रक्रिया करावी लागते. पूर्वी तिचे नाव काढताच लोक हबकत. भारतीय वैद्यकीय सेवेत अनेक वर्षे काढलेले आणि मूतखड्यांच्या शस्त्रक्रियांसाठी येथे नावाजलेले आयरिश शस्त्रवैद्य पीटर फ्रायर यांनी १९०० साली लंडनमध्ये ओटीपोटातून मूत्राशय उघडून ही ग्रंथी काढण्याची रीत रूढ केली. त्या काळी ती प्राणावर बेतणारी गोष्ट होती. सांप्रत बहुतेक शस्त्रक्रियांत पोटावर छेदही घ्यावा लागत नाही. कमरेखालचा भाग बधिर करून मूत्रनलिकेतूनच दुर्बीण घालतात आणि अडथळा करणारा भाग आतून कातरून किंवा लेसर किरणांनी सोडवून काढतात. एकदोन दिवस नळी राहते, काही आठवडे जड उचलणे व कुंथणे वर्ज्य असते, मध्येच लघवीत थोडे रक्तही दिसते. यानंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न पडता मूत्राशयात जाते. त्याने अपाय होत नाही. तथापि पतीपत्नी दोघांनाही ते आधी ठाऊक असावे.

अनेकांच्या तोंडाला कुलूप पडते ते आणखी एका भीतीने. ही भीती कर्करोगाची. येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचे पुढे कर्करोगात रूपांतरही होत नाही. मात्र त्याच ग्रंथीला, त्याच वयात, निराळा म्हणून कर्करोग होऊ शकतो. म्हणून तपासणी हवी. पी. एस. ए. नावाच्या रक्तचाचणीचा आकडा साध्या वाढीतही चढतो, संसर्गानेही चढतो. त्यामुळे केवळ आकड्यावरून निकाल न लावता तो डॉक्टरांकडून समजून घ्यावा. फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड यांनी हा आकडा सुमारे निम्म्यावर येतो, हेही त्यांना आठवणीने सांगावे. लघवीत रक्त दिसणे, थंडी वाजून ताप येणे, हाडे सतत दुखणे, कारणावाचून वजन उतरणे किंवा झोपेत अंथरूण ओले होणे, यांपैकी काहीही झाले तर एक दिवसही थांबू नये. अंथरूण ओले होणे हे म्हातारपण नव्हे. पुष्कळदा ते तुडुंब भरलेल्या पिशवीचे ओसंडणे असते.

अण्णांची नळी चार दिवसांनी, औषध सुरू झाल्यावर निघाली आणि लघवी सुखरूप होऊ लागली. आता ते रात्री एकदाच उठतात. उठले तरी काकूंना बहुधा ठाऊक होत नाही. परंतु याहूनही मोठी घटना निराळीच घडली. सकाळच्या फिरण्याच्या मंडळात एका बाकावर बसून अण्णांनी आपली सारी हकीकत मोकळेपणाने सांगितली. क्षणभर सगळे गप्प झाले. मग एक जण म्हणाला, "मलाही चारदा उठावं लागतं." दुसरा म्हणाला, "मला पाचदा." त्या बाकावरच्या सहा जणांपैकी चौघे वर्षानुवर्षे हेच दुखणे एकट्याने सोशीत होते, शेजारी शेजारी बसून!

घरातील वडीलधारी माणसे दाराजवळची जागा शोधू लागली, प्रवासाला नाही म्हणू लागली, पाण्याचा तांब्या दूर सारू लागली, तर मुलांनी व सुनांनी ते ओळखावे. चारचौघांत विषय काढून त्यांना लाजवू नये. मुलाने किंवा जावयाने त्यांना बाजूला घेऊन, आदराने आणि हळू आवाजात विचारावे. आणि ज्यांना विचारले जाईल, त्यांनी "चालायचंच" हा शब्द एकदा तरी गिळून खरे उत्तर द्यावे. वय वाढणे कोणाच्या हाती नाही. परंतु रात्रीची झोप, प्रवासाचा आनंद आणि नातीच्या बारशाला पहिल्या रांगेत बसण्याचे सुख परत मिळविणे, हे पुष्कळ अंशी आपल्याच हाती असते.